पिंजऱ्यातला तिसरा भाऊ

गोष्ट सांगणारा जितका जुना, तितकाच ती ऐकणाराही जुना. आणि ऐकणाऱ्याची एक खोडसुद्धा तितकीच जुनी आहे. गोष्ट संपली म्हणून तो लगेच उठत नाही. तिथंच रेंगाळतो आणि विचारतो, 'पण त्यानं असं का केलं?' आपण कुणाच्या पोटी जन्मलो हे कर्णाला युद्धाआधी कळलं होतं. मग तो भावांकडं का गेला नाही? भर सभेत द्रौपदी प्रश्न विचारत होती, तेव्हा भीष्म का अडखळले? कीर्तन सुटल्यावर पारावर रंगणारे हे वाद मी लहानपणी ऐकलेत. आमच्या मोहल्ल्यात मोहरमच्या दिवसांत करबलाची कहाणी सांगितली जायची, तेव्हाही असंच व्हायचं. शत्रूच्या फौजेतला हुर नावाचा सरदार ऐन लढाईच्या सकाळी बाजू बदलून हुसैनसाहेबांकडं येतो. पुढं मरण आहे, हे त्याला ठाऊक असतं. शेवट सगळ्यांना पाठ. तरी दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, 'उस रात उसके दिल पे क्या गुजरी होगी?'

मराठीत तर या खोडीतून मोठी पुस्तकं झाली. इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय', दोन्ही १९६७ सालची. इरावतीबाईंनी महाभारतातल्या माणसांना त्यांच्या निवडींचा जाब विचारला, सावंतांनी कर्णाला स्वतःची बाजू मांडायला उभं केलं. ऐकणाऱ्यानं गोष्टीशी भांडावं, ही काही आजची रीत नाही.

आज मी अशाच एका भांडणाबद्दल बोलणार आहे. गोष्ट मात्र परदेशातली आहे, आणि ती कुठल्या ग्रंथातली नसून टीव्हीवरची आहे. 'सुपरनॅचरल' हे त्या अमेरिकन मालिकेचं नाव. भुताखेतांच्या मालिका आपल्याला नवीन नाहीत. नारायण धारपांच्या कादंबऱ्या उशीखाली ठेवून झोपलेली आमची पिढी आहे, आणि २०१६ साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'नं घराघरांत रात्री दिवा चालू ठेवायला लावला, तेही आपल्याला आठवतं. पण 'सुपरनॅचरल'ची गोष्ट जरा वेगळी. १३ सप्टेंबर २००५ रोजी ती सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. पंधरा पर्वं, ३२७ भाग. कथा अमेरिकेतली, चित्रीकरण मात्र बहुतेक कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या परिसरात. एरिक क्रिपकी नावाच्या लेखकानं ती निर्माण केली आणि पहिली पाच पर्वं सांभाळली. त्यानंतर तिची सूत्रं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिली.

गोष्ट दोन भावांची आहे. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात २ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री एका पिवळ्या डोळ्यांच्या सैतानानं त्यांच्या आईचा जीव घेतला. थोरला डीन तेव्हा चार वर्षांचा, धाकटा सॅम सहा महिन्यांचा. बाप सूडानं पेटला. पोरांना घेऊन गावोगाव हिंडू लागला, आणि पोरं मोठी झाली ती भुतांची शिकार करण्यातच. घर नाही, शेजार नाही. असलंच तर १९६७ च्या बनावटीची एक काळी इम्पाला गाडी, तेच घर. सुरुवातीला दर आठवड्याला नवं गाव, नवं भूत. मग हळूहळू पडदा वर सरकत गेला आणि मागं मोठा पट दिसू लागला. देवदूत आले, इब्लिस आला, कयामत आली. आणि असं कळलं की, या दोन भावांनी एकमेकांविरुद्ध लढावं हे आधीपासून लिहून ठेवलेलं आहे. एकाच्या देहात देवदूतांचा सेनापती मायकल उतरणार, दुसऱ्याच्या देहात इब्लिस, म्हणजे ल्युसिफर. आणि या झुंजीत दुनिया जळणार.

आपल्याकडं ज्याच्या अंगात येतं त्याला 'झाड' म्हणतात, तसाच काहीसा हा प्रकार. पण मालिकेनं एक अट घातली आहे. देवदूताला माणसाच्या अंगात यायचं तर त्या माणसाचा होकार लागतो. जबरदस्तीनं येता येत नाही. तो फसवील, छळील, लालूच दाखवील. पण 'हो' माणसानंच म्हणायचं. या एका अटीनं भुताखेतांची मालिका निवडीची गोष्ट झाली. कपाळी लिहिलेलं खरं, की माणसाचा होकार-नकार खरा? तकदीर की इरादा? हा प्रश्न माझ्यासारख्याच्या घरात जन्मापासून असतो, त्यामुळं ही मालिका मला परकी वाटली नाही.

माझी भाची ही मालिका कॉलेजात असल्यापासून पाहते. तिच्यामुळं मी बघायला लागलो, आणि तिच्यामुळंच तिच्यासारख्यांचे वाद ऐकायला लागलो. ही मुलं वाद घालतात म्हणजे काय करतात? 'अमुक भाग छान, तमुक भाग टुकार' एवढ्यावर ती थांबत नाहीत. एखाद्या वकिलानं जुन्या खटल्याचे कागद काढावेत, तसं 'चौथ्या पर्वात तो असं म्हणाला होता, मग अकराव्यात असं का वागला' हे काढतात. आणि त्यांचा आवडता शब्द म्हणजे 'वाया घालवलं'. अमुक पात्र वाया घालवलं, अमुक प्रसंग वाया घालवला. सुरुवातीला मला हे पोरकट वाटायचं. नंतर लक्षात आलं, की प्रत्येक 'वाया घालवलं'च्या मागं एक तक्रार आहे, आणि ती दर वेळी जवळपास तीच आहे. ती कोणती, हे सांगण्यासाठी मी एका तिसऱ्या भावाची हकिकत सांगतो.

या दोघांना एक सावत्र भाऊ होता, ॲडम नावाचा. बापाचा दुसरीकडचा मुलगा. २००९ मधल्या एका भागात तो पहिल्यांदा कळतो, तो मेल्यावरच. पुढच्या वर्षी देवदूत त्याला जिवंत करतात. डीन मायकलला होकार देत नाही, म्हणून ते ॲडमला गळ घालतात. आमिष काय? तुझी मेलेली आई तुला पुन्हा भेटेल. पोरगा 'हो' म्हणतो. मग मे २०१० मध्ये पाचव्या पर्वाचा शेवट येतो. तो फार सुंदर भाग आहे. सॅमच्या अंगात ल्युसिफर आहे. इम्पाला गाडीत लहानपणी अडकवलेला खेळण्यातला एक सैनिक त्याला दिसतो, भावाबरोबर काढलेली सगळी वर्षं आठवतात, आणि तेवढ्या एका क्षणात तो स्वतःच्या देहाचा ताबा परत घेतो. पाताळातल्या पिंजऱ्यात उडी टाकतो. जाताना मायकललाही, म्हणजे ॲडमलाही, खेचून नेतो.

म्हणजे पिंजऱ्यात दोन भाऊ पडले. सॅम लवकरच वर आला, पण आत्म्याशिवाय. डिसेंबर २०१० च्या भागात खुद्द मृत्यू डीनला विचारतो: पिंजऱ्यातून एकालाच काढीन, कुणाला काढू? डीन सॅमला निवडतो. सख्खा भाऊ, ज्याला कडेवर वाढवला, तो. कुणीही हेच केलं असतं. या निवडीशी चाहत्यांचं भांडण नाही. भांडण पुढचं आहे. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं ॲडम पिंजऱ्यातच राहिला. या नऊ वर्षांत त्याच्या भावांनी काय केलं नाही? नरकात गेले आणि परत आले, मृत्यूलाच मारलं, सृष्टीच्याही आधीच्या अंधाराशी तह केला. पण 'आपला एक भाऊ खाली आहे' असं एकदा रात्री झोप न येऊन कुणी म्हणालं नाही. गंमत म्हणजे लेखकांना हे ठाऊक होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये मालिकेचा २०० वा भाग आला. त्यात शाळेतल्या मुली या भावांच्या आयुष्यावर संगीत नाटक बसवतात, आणि ॲडमची भूमिका करणारी मुलगी रंगमंचावर दिसते. हा कोण, असं विचारल्यावर उत्तर मिळतं, हा तिसरा भाऊ, तो अजून पिंजऱ्यातच आहे. प्रेक्षक खूप हसले. पण हसणं झाल्यावर काहीतरी टोचत राहतं.

आता या वादात दुसरी बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. एक गट म्हणतो, भावांची ॲडमशी ओळख किती? दोन-चार दिवसांची. मालिका दोघांची आहे, तिसऱ्याचं ओझं ती किती वाहणार? लेखक बदलले, नट दुसऱ्या कामात असतात, वर्षाला वीस-बावीस भाग काढायचे, त्यात कुणीतरी मागं राहणारच. हे सगळं खरं आहे. पण पहिल्या गटाचं म्हणणं मला जास्त पटतं. ते म्हणतात, सोडवता आलं नाही, हे चालेल. आठवणसुद्धा झाली नाही, हे कसं चालेल? डीननं भावासाठी आपला आत्मा विकला, त्याला मालिका प्रेम म्हणते. बापानं मुलासाठी जीव दिला, त्यालाही प्रेम म्हणते. ॲडमनं आईसाठी होकार दिला, तेही तेच प्रेम होतं. मग त्याच्या होकाराची नोंद कुणी का घेतली नाही? कुणाच्या निवडीला किंमत आणि कुणाची निवड खर्ची, हे कुणी ठरवलं?

ही ती तक्रार. एकदा ती नीट ऐकली, की बाकीचे वादही उलगडतात.

मरणाचंच घ्या. सॅम आणि डीन दोघंही या मालिकेत कितीदा मेले याची मोजदाद चाहते गमतीनं करतात. २००८ च्या एका भागात तर डीन एकाच मंगळवारी पुन्हा पुन्हा मरतो, आणि ते विनोदी आहे. नायकांसाठी मरणाचं दार झुलतं; आत-बाहेर करता येतं. पण केव्हिन नावाचा एक अभ्यासू पोरगा, ज्याला प्रेषितपण नको असताना लादलं गेलं, तो २०१३ मध्ये मारला गेला. चार्ली नावाची हसतमुख, हुशार मुलगी २०१५ मध्ये मारली गेली. यांच्यासाठी ते दार घट्ट बंद. पुढं दुसऱ्या विश्वातली एक चार्ली आणली. पण ती ही नव्हे. या मालिकेत बायका-मुली येतात आणि नायकांना दुःख देण्यापुरत्या मरतात, ही तक्रार बायकांनीच आधी केली, कारण या मालिकेच्या चाहत्यांत बायका फार. जानेवारी २०१८ मध्ये 'वेवर्ड सिस्टर्स' नावाचा एक भाग आला. जोडी मिल्स ही शेरीफ, म्हणजे तिकडची पोलीस अधिकारी, आणि तिच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुली, यांची स्वतंत्र मालिका काढता येईल का, याची ती चाचणी होती. प्रेक्षकांनी आधीपासून त्यासाठी मोहीम चालवली होती. वाहिनीनं त्याच वर्षी मे महिन्यात नकार दिला. ज्या बायका मेल्या नाहीत, त्यांना जगण्यासाठी गोष्टच मिळाली नाही.

माझीही एक तक्रार आहे, ती इथं नोंदवतो. मे २००७ च्या एका भागात जिन येतो. अंगावर निळसर नक्षी. माणसाला विषाच्या गुंगीत एक गोड स्वप्न दाखवतो आणि तेवढ्यात त्याचं रक्त शोषतो. डीनला स्वप्नात आई जिवंत दिसते. अंगणातलं गवत कापायला मिळतं, यानंच तो खूश होतो. तरी शेवटी तो ते स्वप्न मोडून परत येतो. भाग म्हणून उत्तम. पण जिन म्हणजे काय, हे मी अम्मीच्या मांडीवर ऐकलेलं आहे. कुराणात 'अल-जिन' नावाचा ७२ वा सूरा आहे. आमच्या समजुतीप्रमाणं फरिश्ते नूरातून घडले, ते हुकूम मोडत नाहीत. जिन धूर नसलेल्या आगीतून घडले, आणि माणसासारखाच त्यांना इरादा दिलेला आहे; त्यांच्यात भलेही आहेत, बुरेही आहेत. या मालिकेनं कॅस्टियल नावाचा देवदूत इतक्या प्रेमानं घडवला, की हुकमाचा ताबेदार असलेला तो हळूहळू स्वतः निवड करायला शिकतो. आणि ज्याला परंपरेनंच निवडीचा हक्क दिला होता, तो जिन मात्र नुसता रक्तपिपासू करून टाकला. निवडीवर पंधरा वर्षं बोलणाऱ्या मालिकेला यापेक्षा चांगलं पात्र कुठं मिळालं असतं? पुढं २०१० च्या एका भागात जगभरची जुनी दैवतं एका हॉटेलात जमवली, त्यांत आपल्या ओळखीचीही होती, आणि बहुतेकांना एका रात्रीत निकालात काढलं. हजारो वर्षांच्या गोष्टी ज्यांच्या पाठीशी, त्यांना चाळीस मिनिटं.

पण ही मालिका नुसती तक्रार करण्याजोगी असती, तर कुणी इतकं भांडलंच नसतं. ज्या भागात मृत्यू डीनला निवड करायला लावतो, त्याचं नाव आहे 'अपॉइंटमेंट इन समारा'. हे नाव एका फार जुन्या गोष्टीवरून आलंय. बगदादच्या बाजारात एका नोकराला मृत्यू दिसतो. तो घाबरून समाराला पळतो. आणि मृत्यूची त्याच्याशी भेट ठरलेली असते ती समारालाच. इंग्रजीत सॉमरसेट मॉमनं ती १९३३ मध्ये सांगितली. पण तिचं एक भावंड मौलाना रूमींच्या 'मसनवी'त आहे, आणि त्यातला माणूस समाराला पळत नाही. तो सुलेमान पैगंबरांना म्हणतो, इज्राईलनं माझ्याकडं रोखून पाहिलं, मला वाऱ्यावर बसवून हिंदुस्थानात पोचवा. दुसऱ्या दिवशी सुलेमान इज्राईलला विचारतात. तो म्हणतो, मी रागानं नव्हे, नवलानं पाहिलं. मला हुकूम होता की त्याचा प्राण हिंदुस्थानात घे, आणि हा तर इथं उभा! शेकडो वर्षांपूर्वीची ही गोष्ट रूप बदलत बदलत अमेरिकन टीव्हीवर पोचली. मालिकेतल्या त्या भागात डीनला एक दिवस मृत्यूचं काम करावं लागतं. एका लहान मुलीला तो दयेनं सोडतो. आणि त्या दयेमुळं दुसरीच एक नर्स मरते. प्रत्येक निवडीला शेपूट असतं, हे इतक्या सोप्या रीतीनं सांगणारा भाग क्वचितच होतो. ज्या गोष्टीनं हे शिकवलं, तिच्याकडूनच ऐकणाऱ्यांनी ते मागितलं. यात चूक काय?

आता शेवटाकडं येतो, कारण सगळ्यांत मोठं भांडण शेवटावरच आहे.

चौदाव्या पर्वाच्या शेवटी असं उघड होतं की, हे सगळं ज्यानं घडवलं तो, म्हणजे मालिकेतला देव, खरं तर एक लेखक आहे. चक त्याचं नाव. एका भावानं दुसऱ्याला मारावं, हा शेवट त्याला हवा असतो, कारण त्याला तो नाट्यमय वाटतो. देवाला असा रंगवणं माझ्यासारख्या माणसाला पचायला जड जातं, हे मी लपवत नाही. पण मी तो देव म्हणून पाहिलाच नाही. पात्रांपेक्षा कथानकावर जास्त प्रेम करणाऱ्या कुठल्याही लेखकाची ती सावली आहे. १२ नोव्हेंबर २०२० च्या भागात चक हरतो, त्याची शक्ती जाते. भाऊ मोकळे होतात. पहिल्यांदाच त्यांच्या आयुष्यावर कुणाची लेखणी नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात, शेवटच्या भागात, एका साध्या शिकारीत डीन मरतो. कोठारातल्या खांबाला एक लोखंडी सळई बाहेर आलेली असते, तीवर तो आदळतो. बस्स. सॅम पुढं म्हातारा होतो, मुलाचं नाव डीन ठेवतो, आणि शेवटी दोघं स्वर्गातल्या एका पुलावर भेटतात.

यावर जे वादळ उठलं, ते अजून पुरतं शमलेलं नाही. एक गट म्हणतो, चकला हवं तेच झालं की! लेखणी हिसकावून घेतली आणि लगेच मारलं. डीनच्या टेबलावर नोकरीचा एक अर्ज पडलेला दिसतो, म्हणजे त्याला वेगळं जगायचं होतं. ते मालिकेनं त्याला जगू दिलं नाही. डीनचं काम करणारा जेन्सन ॲकल्स यानंही जाहीरपणे सांगितलं होतं की, हा शेवट त्याला सुरुवातीला पचला नव्हता, आणि क्रिपकीशी बोलल्यावर त्याचं मन वळलं. दुसरा गट म्हणतो, उलट, कुणी लिहून न ठेवलेलं मरण असंच असतं. दोन लहान पोरांना वाचवताना, कामावर असताना, एका सळईनं. त्यात नाट्य नाही, हीच त्यातली मोकळीक.

मी यात दुसऱ्या गटाकडं झुकतो, आणि त्याचं कारण मरणाऱ्यात नाही, मागं राहणाऱ्यात आहे. डीन भावाला सांगतो, मला परत आणू नकोस, जाऊ दे. पंधरा वर्षं या घराण्यानं एकमेकांसाठी सैतानाशी सौदे केले. बापानं केला, डीननं केला. या वेळी सॅम ऐकतो. जाऊ देतो. एका माणसाचा शेवटचा शब्द दुसऱ्यानं मानला, ही त्या निवडीची नोंद झाली.

पण कॅस्टियलच्या बाबतीत हे झालं नाही. ५ नोव्हेंबर २०२० च्या भागात तो डीनला वाचवायला स्वतःचा नाश ओढवून घेतो. त्याचा एक करार असतो की, ज्या क्षणी तो खराखुरा सुखी होईल, त्या क्षणी शून्य त्याला गिळेल. तो डीनला सांगतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. आणि ते बोलून दाखवण्यातलं सुख त्याला घेऊन जातं. डीन रडतो. पुढच्या दोन भागांत कॅसचं नाव निघतं, त्याच्या त्यागाचा उल्लेख होतो. पण त्यानं जे सांगितलं, त्यावर डीन एक शब्दही बोलत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश डबिंगमध्ये डीन 'माझंही तुझ्यावर' असं म्हणाला, आणि जगभर गलका झाला. मूळ संवादात ते नाहीच. पण हजारो लोक ज्या उत्तरासाठी ताटकळले होते, ते एका अनुवादकाच्या तोंडून बाहेर पडलं, हे मला विलक्षण वाटतं. ते प्रेम कोणत्या प्रकारचं, भावाचं की प्रियकराचं, यावर रणं माजली. काही जण म्हणाले, कॅसलाच उत्तर नको होतं, सुख मिळवण्यात नसून सांगण्यात आहे असं तोच म्हणतो. असेल. त्याला नको असेल. पण ऐकणाऱ्याचं काही देणं लागतच नाही का?

माझ्या भाचीचं मत मी इथं सांगतो, कारण या वादात माझं मन तिच्यामुळं पक्कं झालं. २०२० च्या सप्टेंबरात तिचे वडील, माझे दुल्हेभाई, कोविडनं गेले. दवाखान्यात आत कुणाला जाता येत नव्हतं. दुल्हेभाईंनी मोबाइलवर आवाजातला एक निरोप पाठवला होता. मुलीला उद्देशून, चार वाक्यांचा. तिनं लगेच उत्तर पाठवलं. त्या उत्तराशेजारच्या दोन खुणा निळ्या झाल्याच नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांनी तिनं ही मालिका संपताना पाहिली. इतरांसारखी ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, 'मामू, उस वक्त नहीं तो बाद में तो बोलना था. डीन के पास तो टाइम था.'

तेव्हा मला कळलं की, चाहत्यांच्या या भांडणाला आपण रिकामटेकडेपणा म्हणतो, ते घाईचं आहे. आपल्या आयुष्यात किती उत्तरं पोचत नाहीत. किती होकार कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. तिथं दाद कुणाकडं मागायची? गोष्टीत तरी हिशेब पुरा व्हावा, असं माणसाला वाटतं. पूर्वी ही माणसं पारावर भांडायची, आता आणखी कुठं भांडतात. मागणं तेच.

एक मर्यादा मात्र पाळायला हवी. आवडता माणूस मरू नये, ही इच्छा आहे, टीका नव्हे. आपल्या मनासारखं झालं नाही म्हणून लेखकाला, नटाला शिव्या घालणारेही या गर्दीत असतात. त्यांचं मी समर्थन करत नाही. लिहिणाऱ्यालाही त्याची निवड असते. शिवाय या मालिकेचे शेवटचे दोन भाग उरले असताना मार्च २०२० मध्ये महामारीनं चित्रीकरण थांबलं, ते ऑगस्टात पुन्हा सुरू झालं. जे मनात होतं ते सगळं करता येण्यासारखे ते दिवस नव्हते. पण 'सुखाचा शेवट द्या' हे एक मागणं, आणि 'ज्यानं काही निवडलं, त्याची आठवण ठेवा' हे दुसरं. पहिलं मागणं लेखकानं नाकारलं तरी चालतं. दुसरं नाकारलं, की ऐकणारा कायमचा दुखावतो. मी कवी आहे. कवितेत एखादी प्रतिमा आणून मी ती तशीच विसरलो, तर चांगला श्रोता मुशायऱ्यात टाळी देतो आणि बाहेर चहाच्या टपरीवर मला गाठतो. त्या श्रोत्यावर माझा जीव आहे.

ॲडमचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये मालिकेनं त्याला परत आणलं. पिंजऱ्यातल्या एकांतात त्याची आणि मायकलची मैत्री झाली होती. एकाच देहात दोघं, एकमेकांना सांभाळून. डीननं त्याची माफी मागितली. तुझ्यावर अन्याय झाला, असं तो म्हणाला, तेव्हा ॲडमनं शांतपणे विचारलं की, आपल्याला जे मिळायला हवं ते कधी मिळालंय? हे दृश्य छान लिहिलंय. मग वर्षभरानं चकनं दुनियेतली माणसं पुसून टाकली, तेव्हा तोही गेला. मायकलनं एका वाक्यात ते सांगितलं. नंतर सगळी माणसं परत आली. ॲडम आला की नाही, ते दाखवलं नाही.

२०२२ मध्ये या भावांच्या आईवडिलांच्या तरुणपणावर 'द विंचेस्टर्स' नावाची नवी मालिका आली. एका पर्वात, तेरा भागांत ती आटोपली. ॲडमचा प्रश्न तिथंही सुटला नाही. पण भाची सांगते, तिच्या ओळखीतल्या मुली अजून त्याची गोष्ट लिहितात. कुणी त्याला कॉलेजात परत पाठवतं. तो डॉक्टरकीच्या तयारीत होता ना, ते त्यांच्या लक्षात आहे. कुणी त्याला एका संध्याकाळी भावांच्या दारात उभं करतं. डीन दार उघडतो, आणि पहिल्यांदा त्याला विचारतो, जेवलास का?